सेंटरचा डेड स्नॅप शिकवणारा वर्ग : एक परीक्षण

डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरांमध्ये शाळेच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मुलांसाठी खासगी शिकवण्या पुष्कळ आहेत, परंतु त्यांतील बहुतेक क्वार्टरबॅक (चेंडू हाती घेऊन पास फेकणारा) आणि रिसीव्हर (तो पास झेलणारा) यांच्यासाठी चालतात. केवळ सेंटरसाठी, आणि त्यातही केवळ स्नॅपसाठी, म्हणजे सेंटरने चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देण्याच्या क्रियेसाठी असलेला वर्ग मला येथे प्रथमच आढळला. महाविद्यालयीन संघातून सेंटर म्हणून खेळलेले एक गृहस्थ उन्हाळ्यात शनिवारी सकाळी एका शाळेच्या सरावमैदानावर हा वर्ग घेतात. माझा मुलगा नववीत गेल्यावर त्याला संघात सेंटरची जागा मिळाली, आणि शॉटगनमधून, म्हणजे क्वार्टरबॅक काही यार्ड मागे उभा असताना, टाकलेले त्याचे स्नॅप कधी क्वार्टरबॅकच्या गुडघ्याशी तर कधी कानाशी जात असल्यामुळे आम्ही त्याला तेथे घातले. या वर्गात नेहमीचा फिरकी घेत जाणारा स्नॅप शिकवत नाहीत. तेथे डेड स्नॅप शिकवतात, म्हणजे हातातून सुटल्यावर चेंडू जवळजवळ न फिरता मागे तरंगत जातो असा स्नॅप. ही पद्धत पाहून ‘मुलाला चुकीची सवय लागेल’ अशी भीती काही पालकांनी माझ्याजवळ बोलून दाखवली. ती भीती कितपत खरी आहे हे या खेळाच्या तपशिलात शिरल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून हे परीक्षण थोडे विस्ताराने लिहीत आहे.

ज्यांच्या घरात हा खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. फुटबॉलमधील प्रत्येक प्लेची, म्हणजे चालीची, सुरुवात सेंटरच्या हातून होते. तो चेंडूवर वाकून बसतो. समोर जेमतेम चेंडूच्या लांबीएवढे, म्हणजे सुमारे ११ इंचांचे अंतर सोडून बचावफळीतला तगडा खेळाडू त्याच्यावर तुटून पडण्यासाठी टपलेला असतो. क्वार्टरबॅक सेंटरच्या अगदी मागे चिकटून उभा असेल तर चेंडू हातात द्यायचा असतो. शॉटगनमध्ये तो सुमारे पाच यार्ड मागे उभा असतो, आणि तेथपर्यंत चेंडू दोन पायांमधून, मागे न पाहता फेकावा लागतो. फेकता फेकताच पहिले पाऊल टाकून समोरच्याला अडवायचे असते. सामन्यात साठ-सत्तर वेळा हे बिनचूक जमले तर कोणी सेंटरचे नावही घेत नाही, आणि एकदा चुकले तर सगळे मैदान त्याच्याकडे पाहते. या जागेवर खेळणाऱ्या मुलाच्या मनावर किती ताण असतो याची कल्पना मला आमच्या घरी हा प्रकार सुरू झाल्यावरच आली.

नेहमीच्या स्नॅपमध्ये चेंडू बाजूने पकडतात. बोटे लेसवर (चेंडूवरच्या उंच टाक्यांवर) किंवा शिवणीवर असतात, आणि हात मागे जाताना मनगटाला झटका देऊन चेंडूला त्याच्या लांबीच्या अक्षाभोवती फिरवतात. ही फिरकी चेंडूला हवेत स्थिर ठेवते. क्वार्टरबॅक पास फेकताना जे करतो तेच सेंटर उलट्या अवस्थेत करतो. अडचण त्या झटक्यात आहे. मनगट किती वळले, कोणत्या क्षणी वळले आणि अंगठा कधी सुटला, या तिन्ही गोष्टी दर वेळी सारख्या व्हाव्या लागतात, आणि नेमक्या त्याच क्षणी मुलाचे लक्ष समोरच्या माणसाकडे लागलेले असते. मनगट जास्त वळले की चेंडू एका बाजूला जातो, कमी वळले की दुसऱ्या बाजूला, उशिरा सुटला की डोक्यावरून. म्हणजे चूक उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांना होऊ शकते.

डेड स्नॅपमध्ये चेंडू पुढच्या टोकाजवळ पकडतात, म्हणजे जे टोक बचावफळीकडे असते तेथे. अंगठा एका बाजूला आणि बोटे दुसऱ्या बाजूला ठेवून ते टोक मुठीत धरल्यासारखे धरायचे, मनगट ताठ ठेवायचे आणि खांद्यापासून संपूर्ण हात लंबकासारखा मागे न्यायचा. मनगटाचा झटका नाही, बोटांचा पीळ नाही. हात मांडीच्या आतल्या बाजूला घासून जातो आणि त्या ठिकाणी चेंडू आपोआप सुटतो. तो फार तर किंचित कलंडत, परंतु स्वतःभोवती न फिरता क्वार्टरबॅकच्या छातीशी पोहोचतो. खांदा, मांडी आणि क्वार्टरबॅक एका रेषेत असले की आडव्या दिशेची चूक जवळजवळ नाहीशी होते आणि उरते ती वर-खाली होण्याची चूक. माझ्या मते या पद्धतीचे खरे बळ येथेच आहे. ही पद्धत सेंटरला अधिक कुशल बनवते असे नाही. ती त्याच्या चुकीला एकच वाट ठेवते, आणि एकाच दिशेने होणारी चूक प्रशिक्षकाला लगेच ओळखता येते, दुरुस्तही करता येते.

पाच यार्डांसाठी फिरकीची गरजच किती, हा प्रश्न प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी मुलांना विचारला. हे अंतर कापायला चेंडूला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. एवढ्या वेळात न फिरणारा चेंडूही फारसा भरकटत नाही. फिरकीचा फायदा अंतर वाढते तसा वाढत जातो. पंटसाठी, म्हणजे लाथेने चेंडू दूर प्रतिस्पर्ध्याकडे उडवण्यासाठी, तो १४-१५ यार्ड मागे पाठवावा लागतो आणि तो सुमारे पाऊण सेकंदात पोहोचावा अशी अपेक्षा असते, तेव्हा फिरकीशिवाय चालतच नाही. म्हणून लाँग स्नॅपर, म्हणजे असे लांबचे स्नॅप टाकणारे खेळाडू, होऊ पाहणाऱ्या मुलांना त्यांनी स्पष्टपणे सांगितले की हा वर्ग तुमच्यासाठी नाही. स्वतःकडे येणारे शुल्क नाकारून दिलेला हा सल्ला मला फार आवडला, आणि पुढे त्यांनी जे काही सांगितले त्यावर माझा विश्वास बसण्याचे तेही एक कारण ठरले.

‘चुकीची सवय’ म्हणणाऱ्या पालकांनी थोडा इतिहासही लक्षात घ्यावा. बरोबर स्नॅप म्हणजे अमुकच, असे या खेळात कधीच ठरलेले नव्हते. १८८० मध्ये वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने स्क्रिमेजची, म्हणजे दोन्ही संघ चेंडूच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहून चाल सुरू करण्याची, पद्धत आली तेव्हा चेंडू पायाने मागे ढकलला जात असे. तो हाताने मागे फेकण्याची पद्धत नंतर आली आणि तिचे श्रेय सामान्यतः जॉन हाइस्मन यांना दिले जाते. शॉटगन हा व्यूह सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचे प्रशिक्षक रेड हिकी यांनी १९६० मध्ये वापरात आणला; पुढे तो मागे पडला, आणि १९७५ मध्ये आमच्या डॅलसच्याच काउबॉइज संघात टॉम लँड्री यांनी रॉजर स्टॉबॅकसाठी तो पुन्हा काढला. नेवाडा विद्यापीठाच्या क्रिस ऑल्ट यांनी २००५ मध्ये क्वार्टरबॅकला चार यार्डांवर आणून पिस्टल हा व्यूह रूढ केला. क्वार्टरबॅक जसजसा मागे-पुढे सरकत गेला तसतसा सेंटरचा हातही बदलत गेला. आज शाळांचे संघ बहुतांश प्ले शॉटगनमधून खेळत असतील, तर त्याच अंतरासाठी सोपी असलेली पद्धत मुलांना शिकवण्यात गैर काही नाही.

नियमांचा प्रश्न मात्र रास्त होता, आणि तो वर्गात नीट हाताळला गेला. टेक्सासमधील शालेय फुटबॉल हे काही बदलांसह महाविद्यालयीन, म्हणजे एनसीएएच्या नियमांप्रमाणे खेळले जाते. त्या नियमांनुसार स्नॅपपूर्वी जमिनीवर असलेल्या चेंडूचा लांब अक्ष स्क्रिमेजच्या रेषेशी काटकोनात असावा लागतो, आणि स्नॅपची हालचाल सलग, जलद व मागच्या दिशेनेच व्हावी लागते. चेंडू आधी उचलला किंवा पुढे सरकवला तर स्नॅप अवैध ठरतो. डेड स्नॅप शिकणाऱ्या मुलाला टोक पकडताना चेंडू किंचित पुढे ढकलण्याचा किंवा पकड घट्ट करताना तो अगोदरच उचलण्याचा मोह होतो. प्रशिक्षक पंचाच्या जागी उभे राहत आणि चेंडू जरा जरी पुढे सरकला तरी तो स्नॅप मोजत नसत. पकड घ्यायची ती एकदाच घ्यायची, आणि घेतली की शांत राहायचे. बचावफळीला फसवण्यासाठी चेंडूवरचा हात हलवणे हाही दंडनीय अपराध आहे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावले. शाळेच्या सरावात या बारकाव्यांना वेळ मिळत नाही.

शिकवण्याचा क्रम मला विशेष विचारपूर्वक आखलेला वाटला. पहिल्या टप्प्यात पवित्रा नाही, प्रतिस्पर्धी नाही. मुलांना गुडघ्यावर बसवून फक्त हात लंबकासारखा हलवायला लावले आणि चेंडू दोन-तीन यार्डांवरच्या जोडीदाराकडे सोडायला सांगितले. मनगट वाकते आहे का, हे पाहण्यासाठी प्रशिक्षक स्वतः मुलाच्या मनगटावर हलका हात ठेवून बसत. दुसऱ्या टप्प्यात पूर्ण पवित्रा आला, आणि तेथे बहुतेक मुलांचे चेंडू अचानक वर जाऊ लागले. कारण हातात नव्हते, कंबरेत होते. पाऊल टाकण्याच्या घाईत मुलाची कंबर चेंडू सुटण्याच्या आधीच वर उठते. लंबकाचा टांगण्याचा बिंदूच वर गेला की चेंडूही वर जातो. प्रशिक्षकांनी एकाला हातात आडवी काठी घेऊन मुलाच्या पाठीपासून वीतभर वर धरायला लावले. काठीला कंबर लागली की स्नॅप बाद. या साध्या उपायाने जे साधले ते आमच्या घराच्या अंगणात कित्येक संध्याकाळी ‘खाली ठेव, खाली ठेव’ असे ओरडून मला साधता आले नव्हते.

तिसऱ्या टप्प्यात समोर ढाल घेतलेला मुलगा उभा केला. आधी तो नुसता उभा, मग एका बाजूला सरकणारा, मग थेट अंगावर येणारा. स्नॅप आणि पहिले पाऊल यांची सांगड येथे घातली गेली. फिरकीच्या स्नॅपमध्ये मनगटाचा झटका पूर्ण होईपर्यंत हात मागे अडकून राहतो. डेड स्नॅपमध्ये हात मांडीला लागून सुटला की काम संपते आणि तोच हात लगेच समोरच्याच्या छातीवर जाऊ शकतो. हा फरक क्षणाच्याही अंशाचा आहे, परंतु समोरचा ११ इंचांवर असताना तो अंशही सेंटरला हवा असतो. मुलाने घरी येऊन सांगितले की आता त्याला स्नॅपचा विचार करावा लागत नाही, समोरच्या मुलाचा विचार करता येतो. मला वाटते या वर्गाची याहून चांगली पावती दुसरी नाही.

क्वार्टरबॅकच्या बाजूने पाहिले तर दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, हा चेंडू हळू येतो आणि हाताला मऊ लागतो. शॉटगनमधील क्वार्टरबॅकची नजर बचावफळीच्या मागच्या खेळाडूंवर असावी लागते. जोरात फिरत येणारा चेंडू झेलण्यासाठी त्याला क्षणभर नजर खाली आणावी लागते, तर तरंगत येणारा चेंडू डोळ्याच्या कडेनेही टिपता येतो. दुसरी गोष्ट लेसची. क्रिकेटमध्ये चेंडूची शिवण सरळ ठेवून टाकणारा गोलंदाज जसा शिवण कोठे पडेल हे आधीच ठरवतो, तसे न फिरणाऱ्या स्नॅपमध्ये लेस कोणत्या बाजूला येतील हे सेंटरला पकड घेतानाच ठरवता येते. क्वार्टरबॅकला हव्या तशा लेस मिळाल्या तर पासासाठी चेंडू हातात फिरवून घ्यावा लागत नाही. आमच्या मुलाने आणि त्याच्या क्वार्टरबॅकने चेंडू ठेवताना लेस कोठे असाव्यात हे आपसांत ठरवून घेतले. वर्गाने मात्र क्वार्टरबॅकलाही सोबत आणण्याचा आग्रह आधीपासून धरायला हवा होता. तो येऊ लागला तेव्हा वर्ग निम्मा संपला होता, आणि ही जोडीची विद्या आहे.

डावखुऱ्या मुलांसाठी या पद्धतीचा एक लाभ आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. डाव्या हाताने टाकलेला फिरकीचा स्नॅप उलट्या दिशेने फिरत येतो, आणि उजव्या हाताच्या सेंटरची सवय असलेल्या क्वार्टरबॅकला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. कॅन्सस सिटी चीफ्सचा क्रीड हम्फ्री डाव्या हातानेच स्नॅप करतो आणि तो एनएफएल या व्यावसायिक लीगमधील अव्वल सेंटरांपैकी एक आहे, त्यामुळे डावखुरेपणा हा अडसर नाही हे उघड आहे. तरीही शाळेच्या पातळीवर, जेथे सेंटर आणि क्वार्टरबॅक दर हंगामात बदलतात, तेथे न फिरणारा चेंडू ही अडचण मुळातच दूर करतो. आमच्या गटातला एक डावखुरा मुलगा सर्वांत लवकर रुळला, तो बहुधा यामुळेच.

आता चेंडूविषयी, कारण या पद्धतीत चेंडूच्या स्थितीला नेहमीपेक्षा जास्त महत्त्व येते. शालेय सामन्यांचा चेंडू पूर्ण आकाराचा असतो : वजन १४ ते १५ औंस आणि हवेचा दाब १२.५ ते १३.५ पौंड प्रति चौरस इंच. नववीतल्या मुलाच्या हाताला हा चेंडू मधोमध धरायला मोठा वाटतो, परंतु टोकाकडे तो निमुळता असल्यामुळे तेथे बोटे आणि अंगठा बरेच आत वळतात. लहान हातांच्या मुलांना डेड स्नॅप सोपा वाटतो तो यामुळे. परंतु टोकाकडचे चामडे सगळ्यांत आधी गुळगुळीत होते, कारण चेंडू जमिनीवर आपटतो तो टोकावरच. शिवाय महाविद्यालयीन आणि शालेय चेंडूंवर टोकांच्या अलीकडे जे पांढरे पट्टे असतात ते रंगवलेले असतील तर बोटांना तेथे चामड्याइतकी पकड मिळत नाही, आणि डेड स्नॅप घेणाऱ्या मुलाची बोटे नेमकी त्याच भागात पडतात. प्रशिक्षकांनी प्रत्येकाला आपला चेंडू आणायला सांगून, चामड्याच्या कोणत्या पॅनलवर (तुकड्यावर) पट्टा आहे आणि कोणत्या पॅनलवर नाही हे पाहून, बोटे बिनपट्ट्याच्या पॅनलवर कशी ठेवावीत ते दाखवले. नवा चेंडू ब्रशने घासून आणि वापरून चामडे चिकट करून घ्यावे लागते, हेही तेथेच कळले. दुकानातून आणलेला कोरा चेंडू थेट सरावाला वापरू नये. त्याने पकड सुटते आणि मुलगा नकळत मनगट आवळू लागतो.

वर्गाची सर्वांत मोठी उणीवही याच मुद्द्याशी जोडलेली आहे. ओल्या चेंडूचा सराव तेथे झालाच नाही. टोकाची पकड कोरड्या चेंडूवर उत्तम बसते, परंतु ओल्या चामड्यावर मुठीत धरलेले निमुळते टोक बोटांतून निसटते, आणि तसे निसटले की चेंडू पायांमध्येच पडतो किंवा लवकर सुटून खाली जातो. उन्हाळ्यात येथे पाऊस कमी, म्हणून मैदान कोरडे मिळाले हे समजू शकते; परंतु बादलीभर पाणी आणि एक टॉवेल यांनी तो सराव सहज झाला असता. ऑक्टोबरच्या एका पावसाळी शुक्रवारी आमच्या मुलाने पहिल्या क्वार्टरमध्ये दोन स्नॅप खाली टाकले आणि शाळेच्या प्रशिक्षकांनी त्याला उरलेल्या सामन्यासाठी जुन्या पद्धतीने स्नॅप करायला सांगितले. त्याला जुनी पद्धतही येत होती म्हणून निभावले. केवळ डेड स्नॅप येणाऱ्या मुलाला त्या दिवशी बाहेर बसावे लागले असते.

हळू चेंडूचा तोटाही मान्य केला पाहिजे. ज्या प्लेमध्ये क्वार्टरबॅक चेंडू झेलताच बाजूने धावत येणाऱ्या रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूच्या) पोटाशी धरतो आणि बचावफळीतल्या एका खेळाडूची हालचाल पाहून तो द्यायचा की ठेवायचा हे ठरवतो, तेथे चेंडू किंचित उशिरा आला तरी दोघांची गाठ पडण्याची जागा बदलते. शाळेच्या संघाला आपल्या रनिंग बॅकची वेळ पुन्हा बसवावी लागली, आणि त्यासाठी प्रशिक्षकांनी सरावातले बरेच तास दिले. प्रत्येक शाळेचे प्रशिक्षक एवढी तयारी दाखवतीलच असे नाही. म्हणून पालकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की मुलाला या वर्गात घालण्यापूर्वी शाळेच्या ऑफेन्सिव्ह लाइनच्या (सेंटर ज्यात असतो त्या पुढच्या फळीच्या) प्रशिक्षकांशी बोलावे. त्यांचा विरोध असेल तर उन्हाळाभराचे कष्ट ऑगस्टच्या पहिल्या सरावातच वाया जातील आणि मुलगा दोन प्रशिक्षकांच्या मध्ये सापडेल.

क्वार्टरबॅक अगदी मागे उभा असताना चेंडू हातात देण्याचा स्नॅप या वर्गात जेमतेम एकदा हाताळला गेला. तेथे चेंडू पाव वळण देऊन लेस क्वार्टरबॅकच्या बोटांखाली येतील असा वर द्यायचा असतो, आणि पकड पूर्णपणे वेगळी असते. गोलरेषेजवळ एखादा यार्ड हवा असताना बरेच संघ तोच वापरतात. दोन पकडींमध्ये अदलाबदल करताना समोरच्याला आपली पकड पाहून प्लेचा अंदाज येणार नाही, याची काळजी कशी घ्यावी हे शिकवायला हवे होते. बचावफळीतली हुशार मुले सेंटरच्या हाताकडे पाहतातच.

एका गोष्टीबद्दल मात्र प्रशिक्षकांचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. स्नॅप बिघडतो तेव्हा दोष नेहमी पकडीचा नसतो, हे त्यांनी मुलांच्या मनावर नीट बिंबवले. त्यासाठी त्यांनी २ फेब्रुवारी २०१४ रोजी न्यू जर्सीत झालेल्या सुपर बोलचे, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याचे उदाहरण घेतले. डेन्व्हरच्या पहिल्याच प्लेमध्ये त्यांचे क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग सूचना देण्यासाठी पुढे येत असताना चेंडू त्यांच्या डोक्याजवळून मागे गेला आणि सिएटलला सेफ्टीचे, म्हणजे प्रतिस्पर्धी स्वतःच्याच गोलक्षेत्रात अडकल्याबद्दलचे, दोन गुण मिळाले; सामना सिएटलने ४३-८ असा जिंकला. तो फेकीचा दोष नव्हता; प्रेक्षकांच्या गोंगाटात सेंटर आणि क्वार्टरबॅक यांची वेळ चुकली होती. म्हणून वर्गाचा एक पूर्ण तास त्यांनी आवाजाशिवायच्या मोजणीला दिला : क्वार्टरबॅकने इशारा करायचा, गार्डने (सेंटरच्या शेजारच्या खेळाडूने) सेंटरला हात लावून सांगायचे, सेंटरने मान वर करून ठरलेल्या ठोक्यावर स्नॅप करायचा. मोठ्या स्पीकरवर गोंगाट लावून हे करून घेतले. पद्धत कोणतीही असो, हा तास प्रत्येक सेंटरला मिळायला हवा.

दुसरे उदाहरण त्यांनी धीर देण्यासाठी वापरले. १ जानेवारी २०२४ च्या रोझ बोल या महाविद्यालयीन सामन्यात अलाबामाचे सेंटर सेथ मॅकलॉफ्लिन यांचे काही स्नॅप बिघडले, जादा वेळेतला अखेरचा स्नॅपही खाली गेला आणि मिशिगनने सामना २७-२० असा जिंकला. पुढच्याच हंगामात मॅकलॉफ्लिन ओहायो स्टेटकडून खेळले आणि देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन सेंटरला दिला जाणारा रिमिंग्टन करंडक त्यांना मिळाला. वर्गातल्या मुलांपैकी बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या सामन्यात डोक्यावरून गेलेला चेंडू मनात घेऊन आली होती. प्रशिक्षकांनी त्यांना कधी हिणवले नाही, चुकलेल्या स्नॅपसाठी शिक्षा म्हणून धावायला लावले नाही. प्रत्येक चुकीनंतर ‘चेंडू कोठे गेला, आणि म्हणून तुझे काय चुकले असेल’ एवढेच विचारले. काही आठवड्यांनी मुले स्वतःच उत्तर देऊ लागली : वर गेला म्हणजे कंबर उठली, खाली गेला म्हणजे पकड लवकर सुटली, बाजूला गेला म्हणजे मनगट हलले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःचा दोष स्वतः ओळखता येणे आणि त्याने खचून न जाणे, हे मला कोणत्याही एका पद्धतीपेक्षा मोलाचे वाटते.

खर्चाचे म्हणाल तर गटातल्या एका तासाला ४० डॉलर घेतात, आणि गटात सहा-सात मुले असतात. एकेका मुलाला प्रत्यक्ष मिळणारे लक्ष पाहता हे शुल्क मला वाजवी वाटले. क्वार्टरबॅकच्या खासगी शिकवण्या येथे याहून बऱ्याच महाग आहेत. सकाळी उन्हाच्या आधी वर्ग संपतो, पाण्याच्या सुट्ट्या ठरलेल्या वेळी देतात आणि अंगावर येणाऱ्या सरावात हेल्मेटशिवाय कोणालाही उभे राहू देत नाहीत. मैदानाशेजारी पालकांना बसायला सावली नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

ज्या मुलाचे शॉटगनमधले स्नॅप सतत डावी-उजवीकडे भरकटतात, ज्याचे हात लहान आहेत किंवा ज्याला फेकण्याच्या चिंतेमुळे समोरच्याला अडवता येत नाही, त्याला मी हा वर्ग निःसंकोचपणे सुचवेन. ज्याचा फिरकीचा स्नॅप आधीच स्थिर आहे त्याने केवळ नवे काही म्हणून पद्धत बदलू नये. प्रशिक्षक स्वतःही अशा मुलाला परत पाठवतात. नाव नोंदवताना क्वार्टरबॅकलाही पहिल्या शनिवारपासून सोबत न्यावे, आपला वापरलेला चेंडू न्यावा, आणि ओल्या चेंडूचा निदान एक तास घ्यावा अशी मागणी आधीच करावी. मी हंगाम संपल्यावर त्यांना हे सांगितले तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात बादली आणि टॉवेल नक्की असतील असे ते म्हणाले.